क्रूझर मागून खाली घ्यायची तर: सीट, शॉक की ब्लॉक?

माझ्या वहिनीची उंची पाच फूट एक इंच. रॉयल एनफिल्डची मिटिओर ३५० ही क्रूझर, म्हणजे ठेंगणी, लांबट मोटारसायकल, घेऊन तिला जेमतेम तीन आठवडे झाले होते, आणि सोसायटीच्या उतारावर गाडी तिच्या हातून आडवी झाली. चालवताना नव्हे, उभी असताना. रात्री जेवताना तिनं विचारलं, ‘‘भाऊजी, गाडी मागून खाली करून मिळते ना?’’

मिळते. तीन-चार तऱ्हांनी मिळते. पण आधी एक हिशेब करून घ्या, कारण गॅरेजमध्ये तो कुणी सांगत नाही. मागचं चाक सांगाड्याच्या मानानं इंचभर, म्हणजे २५ मिमी, वर घेतलं की सीट इंचभर खाली येत नाही. पुढचं चाक जागेवरच असतं, गाडी त्याच्याभोवती मागे झुकते, आणि आपण बसतो दोन चाकांच्या मध्ये, थोडे मागच्या बाजूला. त्यामुळे सीट उतरते १६-१८ मिमी. पाऊण इंचसुद्धा नाही. जाड तळव्याचे बूट घातले तरी जवळपास तेवढं मिळतं!

त्या पाऊण इंचापायी काय काय हलतं तेही बघा. मिटिओरचा व्हीलबेस, म्हणजे दोन चाकांच्या मध्यांमधलं अंतर, १४०० मिमी. मागची बाजू २५ मिमी उतरली की अख्खी गाडी साधारण एक अंशाने मागे कलते. पुढचा फोर्क, म्हणजे चाक धरणाऱ्या दोन नळ्या, तेवढाच आडवा होतो, हँडल वळायला आळशी होतं, पुढचं चाक हलकं वाटतं. हेडलाइटही एक अंश वर उचलला जातो. पंचवीस मीटरवर तो प्रकाश सुमारे ४५ सेंटीमीटर वर पडतो, म्हणजे समोरच्याच्या डोळ्यांत. साइड स्टँड पूर्वीच्याच लांबीचा राहतो, त्यामुळे गाडी स्टँडवर जास्त सरळ उभी राहते आणि विरुद्ध बाजूला कलंडायला टपलेली असते. डबल स्टँडवर घेताना तर दम निघतो, कारण गाडी आता तेवढी जास्त उचलावी लागते. चेनचा ढिलेपणाही पुन्हा तपासावा लागतो, कारण मागचं चाक धरणाऱ्या चिमट्याचा कोन बदललेला असतो.

आता पर्याय.

सगळ्यात आधी फुकटचा. मिटिओरच्या मागच्या शॉकला प्रीलोडचे, म्हणजे स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची त्याचे, सहा टप्पे आहेत. सी-पाना घ्या, दोन्ही बाजूंना सारख्याच टप्प्यावर, सगळ्यात मऊ करून बघा. तुम्ही बसल्यावर गाडी थोडी जास्त दबते, बस्स. एकट्यानं चालवणाऱ्या हलक्या माणसाला हे चालून जातं. मागे कुणी बसणार असेल तर नाही, कारण मग शॉक खड्ड्यागणिक तळाला आपटतो. शॉकला टप्पे दिलेत ते मुळात वजनासाठी, उंचीसाठी नव्हेत, एवढं लक्षात असू द्या.

दुसरा पर्याय सीटचा, आणि पाय टेकत नाहीत म्हणून गाडी उतरवायला निघालेल्या प्रत्येकानं आधी इथेच थांबावं असं माझं मत आहे. मिटिओरची सीट जमिनीपासून ७६५ मिमी, बजाजच्या ॲव्हेंजर २२० क्रूझची ७३७, सुपर मिटिओर ६५० ची ७४०. आकडे बघून वाटतं, अरे, सगळ्याच ठेंगण्या! मग टाचा का लटकतात? कारण क्रूझरची सीट रुंद असते. मांड्या आधी बाजूला फाकतात आणि मग खाली जातात, त्यात एक-दोन इंच असेच वाया जातात. चांगला सीटवाला फोम नुसता वरून तासत नाही. मांडीखालचे पुढचे दोन कोपरे उतरते करतो. त्यानं सीट वीस मिमी उतरली तरी पायाला तीसेक मिमी उतरल्यासारखी लागते. पुण्यात असाल तर नाना पेठेत एक चक्कर मारा. सीटवाले गाडीवर बसवून, तुमचे पाय बघून खडूनं खुणा करतात. खर्च शॉकच्या मानानं फारच किरकोळ, आणि गाडीच्या चालीला धक्का नाही. तोटा एकच: फोम कमी झाला की लांबच्या प्रवासात बूड दुखतं. त्याला कमी पण घट्ट फोम हा उतारा आहे, मऊ फोम नव्हे. आणि एक, मूळ सीट कापू नका. दुसरी सीट मिळवा आणि कापायची तर ती कापा.

इथवर ज्यांचं काम झालं त्यांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल. पुढचं आहे ते ज्यांना गाडी मागून बसकी *दिसायला* हवी आहे त्यांच्यासाठी, किंवा सीट करूनही पाय पुरत नाहीत त्यांच्यासाठी.

आखूड शॉक की लोअरिंग ब्लॉक? दोन शॉकच्या गाडीला हे दोनच सरळ रस्ते आहेत. ब्लॉक म्हणजे चिमट्यावरच्या मूळ बोल्टला लावायचा धातूचा तुकडा, ज्याला शॉकचं खालचं टोक मूळ जागेच्या खाली आणि मागे बसतं. शॉक तोच, स्प्रिंग तीच. स्वस्त, तासाभरात बसतो, तासाभरात निघतो. म्हणूनच मोह होतो. पण यात मेख अशी की शॉकचा प्रवास, म्हणजे तो किती दबू शकतो ते अंतर, पूर्वीइतकाच राहतो आणि चाक मात्र आधीच वर आलेलं असतं. जोराच्या खड्ड्यात शॉक पूर्ण दबला की टायर मडगार्डला किंवा आतल्या वायरिंगला भिडतो. शिवाय वजन आता बोल्टच्या रेषेत राहत नाही, बाजूला लटकतं, आणि बोल्टवर वाकवणारा ताण येतो. लेथवाल्याकडून कातून घेतलेल्या साध्या पट्टीवर तर मी माझी सायकलही टांगणार नाही. ब्लॉक लावायचाच असेल तर आधी दोन्ही शॉक काढा, चाक जॅकनं हळूहळू वर न्या आणि टायर कुठे लागतो ते डोळ्यानं बघा. ज्या गॅरेजवाल्याला ही तपासणी वेळखाऊ वाटते, त्याच्याकडे हे काम देऊ नका.

आखूड शॉकमध्ये हे भय कमी, कारण लांबीबरोबर प्रवासही कमी होतो. पण म्हणूनच त्याची स्प्रिंग जास्त कडक लागते. सुपर मिटिओरला मागे प्रवासच १०१ मिमी. त्यातले २५ गेले की चौथा हिस्सा गेला, आणि तो पाठीच्या मणक्यात जमा होतो. शॉक घेताना वरच्या बुशच्या (ज्यातून बोल्ट जातो त्या नळीच्या) मध्यापासून खालच्या बुशच्या मध्यापर्यंतची लांबी, बुशचं आतलं माप आणि स्प्रिंग किती वजनासाठी आहे, या तीन गोष्टी विचारा. दुकानदार फक्त ‘युनिव्हर्सल आहे’ म्हणाला तर पुढचं दुकान गाठा.

स्प्रिंगचे वेटोळे कापून देणारेही भेटतात. तो पर्याय नाहीच. वेटोळे कमी केले की स्प्रिंग कडक होते, पण डँपर, म्हणजे शॉकमधली झटका जिरवणारी तेलाची नळी, मूळ लांबीचाच राहतो. चाक हवेत गेलं की स्प्रिंग आपल्या बैठकीतून सैल होऊन वाजते, आणि खाली येताना कुठे बसेल याचा नेम नाही.

मागून उतरवलीत की पुढूनही टी-मधून, म्हणजे फोर्क धरणाऱ्या पकडीतून, फोर्क दहा-पंधरा मिमी वर सरकवून तोल पुष्कळसा साधता येतो. मात्र तेवढा क्लिअरन्स, म्हणजे पोटाखालची मोकळी जागा, आणखी जातो. मिटिओरला तो १७० मिमी आहे, ती निभावेल. सुपर मिटिओरला १३५. भारतीय रस्ते परिषदेच्या नियमानुसार गतिरोधक १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा. तुमच्या गल्लीतला मोजून बघा! अरुंद आणि उंच उंचवट्यावर गाडीचं पोट मध्येच टेकतं, तिथे चाकांची उंची कामाला येत नाही. घाटात वळणावर फूटरेस्ट घासणं तर क्रूझरच्या नशिबी आधीच आहे, ते आणखी लवकर सुरू होतं. ताम्हिणीत दर रविवारी जाणाऱ्यानं मागची बाजू उतरवायच्या फंदात पडूच नये.

कायद्याचंही जाता जाता. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनं आलेल्या कलम १८२-अ मध्ये बेकायदा बदलासाठी दर बदलामागे पाच हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. सीटच्या फोमपायी कुणी अडवेल असं वाटत नाही. ब्लॉकच्या बाबतीत मी पैज लावणार नाही. विमा कंपनीला लेखी कळवूनच हात घाला.

वहिनीनं शेवटी सीट करून घेतली आणि प्रीलोड दुसऱ्या टप्प्यावर ठेवला. आता दोन्ही पायांचे चवडे पूर्ण टेकतात, टाचा नाहीत. तिला तेवढं पुरतं. माझ्या एका मित्राला ॲव्हेंजर बसकीच हवी होती, त्यानं आखूड शॉक घातले, आणि त्याची बायको आता मागे बसत नाही. तो म्हणतो, हरकत नाही. ती काय म्हणते ते मी विचारलेलं नाही.

शॉक बदललेच तर जुनी जोडी भंगारात देऊ नका. तेलाचा हात फिरवून, कापडात गुंडाळून माळ्यावर टाका. गाडी विकायला काढाल तेव्हा गिऱ्हाईक पाच फूट अकरा इंचांचं निघू शकतं.