फाट्यावरचं टू-व्हीलर गॅरेज, बिनधास्त गाडी टाका

दारव्हा रोडच्या फाट्यावर जे टिनाचं गॅरेज आहे ना, तिथं माझी स्प्लेंडर टाकली होती, क्लच प्लेटा जळल्या होत्या, चढावर गाडी नुसती बोंबलायची पण उचल घेत नव्हती. गॅरेजवाल्या भावानं आधी खोलून दाखवलं, किती लागतील ते सांगितलं अन् मगच कामाला हात लावला. जुन्या प्लेटा पेपरात गुंडाळून हातात दिल्या. बोलला त्याच्यावर एक रुपया घेतला नाही.

आता हे लिहायचं कारण. हा गॅरेजवाला पोरगा पारधी बेड्यावरचा, म्हणजे पारधी समाजाच्या वस्तीवरचा आहे, अन् गावातले कितीक लोक फक्त त्याच्यापायी तिथं गाडी नेत नाहीत. काहून? तर म्हणे पार्ट बदलून घेईल, पेट्रोल काढून घेईल. अरे बाप्पा, इंग्रजांनी १८७१ ला कायदा करून पारध्यांसारख्या जमातीच्या जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या, तो कायदा १९५२ ला रद्द झाला, आपल्या डोक्यातून कधी जाईल? १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद झाली, म्हणजे पोटाचा धंदाच गेला, शेती नाही, जातीचा दाखला काढायला गेलं की जुने कागद मागतात, पालात राहणाऱ्यानं ते आणायचे कुठून? अन् कोणाच्या विहिरीवरची मोटर गेली की पोलिसांची गाडी पहिले बेड्यावर. असल्या पोराला कोणी कामावर ठेवत नाही, मग तो वाकड्या वाटेला लागला की आपणच म्हणतो, पहा, सांगितलं होतं ना.

ह्याला आश्रमशाळा भेटली, आयटीआय झालं, एका दुकानदारानं जागा भाड्यानं दिली. बस, एवढंच लागलं. आता बेड्यावरचे दोन पोट्टे त्याच्या हाताखाली शिकत आहेत, त्यातला लहाना ट्यूब पाण्यात धरून बारीकातला बारीक बुडबुडा शोधतो, घाई करत नाही. चोऱ्या थांबवायला कॅमेरे लावा म्हणणाऱ्यांनी एकदा हे पोट्टे काम करताना पहावे.

कमी सांगायची तर बसायला बाकडं नाही, अन् कार्बोरेटरचा पार्ट यवतमाळवरून मागवावा लागतो, त्यात दिवस जातो. सोयाबीन काढणीच्या टाइमाला गर्दी असते, सकाळीच जा. अन् उधारी ठेवू नका राजेहो, तो मागायला दारात आला की लोक त्याच्यावरच डाफरतात, म्हणून तो मागतच नाही. रोख द्या नाहीतर फोनवरून टाका, पण तिथल्या तिथं द्या.