ब्लॅकपूल ट्रान्स्पोर्ट : नगरपालिकेने न विकलेली बससेवा

इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरील ब्लॅकपूलला लोक जातात ते मनोरा, समुद्रात शिरलेले तीन पिअर आणि शरद ऋतूतील रोषणाई पाहायला. मी गेलो तो तिथल्या बस आणि ट्राम यांच्यासाठी. बेस्टच्या गाड्यांतून शाळा-कॉलेज केलेल्या माणसाला नगरपालिकेने बस चालवण्यात काही नवल वाटत नाही. ब्रिटनमध्ये मात्र, लंडन सोडले तर, 1986 नंतर ही गोष्ट दुर्मीळ होत गेली आणि आता अशा कंपन्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या आहेत. ब्लॅकपूल ट्रान्स्पोर्ट त्यांतली एक आहे. तिच्या आजच्या सेवेतल्या पुष्कळ गोष्टींचा उलगडा तिच्या इतिहासाशिवाय होत नाही, म्हणून या परीक्षणात मागचेही बरेच आले आहे.

आरंभ ट्रामपासून झाला. 29 सप्टेंबर 1885 रोजी समुद्रकाठच्या रस्त्यावर सुमारे दोन मैलांचा विजेवरचा ट्राममार्ग सुरू झाला; रूळ नगरपालिकेचे आणि गाड्या भाडेपट्टा घेतलेल्या खाजगी कंपनीच्या, अशी विभागणी होती. वीज डोक्यावरच्या तारेतून येत नसे. ती रुळांच्या मधल्या खाचेतून घेतली जाई, आणि समुद्राला उधाण आले की खाचेत वाळू व खारे पाणी शिरून गाड्या अडत. 1892 साली पट्ट्याची मुदत संपताच नगरपालिकेने कारभार स्वतःकडे घेतला, आणि 1899 साली खाच जाऊन वरची तार आली. फ्लीटवूडपर्यंत जाणारा शेजारच्या कंपनीचा मार्ग 1920 साली विकत घेतला गेला आणि पुढच्याच वर्षी नगरपालिकेच्या मोटारबस धावू लागल्या.

या संस्थेला स्वतःचा चेहरा दिला तो 1933 साली महाव्यवस्थापक म्हणून आलेल्या वॉल्टर लफ यांनी. ट्राम म्हणजे कालबाह्य वाहन असे बाकीची शहरे ठरवत असताना त्यांनी जवळच्याच प्रेस्टनमधील इंग्लिश इलेक्ट्रिक कंपनीकडून गोलसर, मधोमध दार असलेल्या नव्या ट्राम बनवून घेतल्या. त्यांतल्या 27 दुमजली गाड्यांना लोक ‘बलून’ म्हणू लागले. हिरवा आणि मलईसारखा पांढरा हे रंगही त्यांच्याच काळात रुळले. बसगाड्यांनाही तोच घाट मिळाला : सांगाडा लेलँडचा, वरची बांधणी ब्लॅकपूलमधल्याच बर्लिंगहॅमच्या कारखान्याची. हे लेलँड गाव प्रेस्टनच्या दक्षिणेला आहे, आणि आपल्या अशोक लेलँडच्या नावातला उत्तरार्ध तिथला आहे, हे ध्यानात आले तेव्हा परक्या गावात ओळखीचे कोणी भेटल्यासारखे वाटले.

गावाच्या आतल्या भागातील ट्राममार्ग मात्र टिकले नाहीत. 1961 ते 1963 या तीन वर्षांत उरलेलेही एकेक करून बंद झाले आणि केवळ किनाऱ्याचा, स्टार गेट ते फ्लीटवूड असा सुमारे 11 मैलांचा मार्ग शिल्लक राहिला. ग्लासगोची ट्राम 1962 साली आणि मुंबईची 31 मार्च 1964 रोजी थांबली, हे पाहता ब्लॅकपूलची वाचली कशी, असा प्रश्न पडतो. माझ्या मते याचे श्रेय भावनेपेक्षा गर्दीला आहे. सुट्टीच्या हंगामात समुद्रकाठच्या सरळ रेषेत इतके प्रवासी वाहून नेण्यासाठी, मोटारींपासून वेगळ्या रुळांवर धावणाऱ्या ट्रामइतके सोयीचे साधन दुसरे नव्हते. शिवाय ट्राम हीच एक करमणूक होती. रोषणाईसाठी सजवलेल्या ट्रामांत 1961 साली अग्निबाण आला, पुढच्या वर्षी आगगाडी आली आणि 1965 साली चक्क युद्धनौका.

खरी कसोटी पुढे आली. 1985 च्या कायद्याने नगरपालिकांना आपली बससेवा स्वतंत्र कंपनीकडे सोपवावी लागली, आणि 26 ऑक्टोबर 1986 पासून लंडनबाहेर कोणत्याही परवानाधारकाला नुसती नोंदणी करून कोणत्याही रस्त्यावर बस चालवण्याची मोकळीक मिळाली. उत्तर इंग्लंडमधल्या नगरपालिकांची त्यानंतर जी वाताहत झाली तिचे सर्वांत वाईट उदाहरण डार्लिंग्टनचे. तिथली नगरपालिकेची कंपनी विक्रीला निघाली असता, 1994 साली, स्टेजकोच या मोठ्या खाजगी बसकंपनीने तिचे चालक जादा पैसे देऊन आपल्याकडे ओढले आणि तिच्याच मार्गांवर फुकट बस सोडल्या, कंपनी बुडाली. मक्तेदारी आयोगाने या वागण्यावर कडक ताशेरे ओढले, पण ते ऐकायला डार्लिंग्टनची बस उरली नव्हती. प्रेस्टनची सेवा आधी कर्मचाऱ्यांनी घेतली आणि 2009 साली तीही स्टेजकोचकडे गेली. रोझेनडेलची 2018 साली विकली गेली आणि हॉल्टनची 2020 च्या जानेवारीत बंद पडली. ब्लॅकपूलने उलट 1994 साली शेजारच्या लिथम सेंट ॲन्सची बसकंपनीच आपल्यात घेतली. आज 11 क्रमांकाच्या बसने लिथमला जाताना आपण त्या जुन्या कंपनीच्या मुलखातून जात असतो.

आता प्रत्यक्ष सेवेविषयी. दिवसभराच्या एकाच तिकिटावर बस आणि ट्राम दोन्ही चालतात, आणि ही सोय मला सर्वांत मोलाची वाटली, कारण दोन्हींचा मालक एक असल्याखेरीज ती सहजी जमत नाही. बसमध्ये तिकीट चालक देतो. ट्राममध्ये अजून वाहक असतो. तो बोलतो, वाट सांगतो, वृद्धांना बसायला जागा करून देतो. 2012 साली सुमारे 10 कोटी पौंड खर्चून मार्गाचे नूतनीकरण झाले तेव्हा आलेल्या बॉम्बार्डिअर बनावटीच्या गाड्या 32 मीटर लांब आहेत आणि त्यांत 74 आसने आहेत. फलाट आणि गाडी समपातळीत असल्याने चाकांची खुर्ची किंवा बाबागाडी सरळ आत जाते. या सुधारणेला मी पूर्ण गुण देईन, तरी बलूनच्या वरच्या मजल्यावरून दिसणारा समुद्र रोजच्या प्रवाशाला आता दिसत नाही, ही चुटपुट राहतेच.

रंगांच्या बाबतीत माझे मत थोडे कठोर आहे. 2001 साली प्रत्येक मार्गाला वेगळा रंग देण्याची योजना आली. नकाशा वाचण्यासाठी ती उपयोगी असेल, पण एका मार्गाची गाडी दुसरीकडे पाठवायची वेळ आली की रंग खोटे बोलू लागतात. पुढे आलेल्या ‘पॅलेडियम’ नावाच्या नव्या बसगाड्यांचा पिवळा-काळा वेश त्या मानाने नेटका आहे. हिरव्या-पांढऱ्याची सर मात्र त्याला नाही.

जून 2024 मध्ये ट्रामची छोटी शाखा नॉर्थ स्टेशनपर्यंत सुरू झाली. 1963 साली जिथून ट्राम काढून टाकली होती त्याच स्थानकाशी ती पुन्हा जोडायला 61 वर्षे लागली. प्रेस्टनहून रेल्वेने येणाऱ्याने इथेच ट्राम पकडावी आणि नॉर्थ पिअरवरून उत्तरेकडे वळावे. बिस्पम, क्लीव्हलीज मागे टाकून फ्लीटवूडला पोहोचल्यावर ट्राम भर बाजारपेठेतून, मोटारींच्या रांगेत शिरून, दुकानांना जवळजवळ खेटून जाते. संपूर्ण मार्गातला हा तुकडा मला सर्वांत आवडला. परतताना अंधार पडू द्यावा. रोषणाईच्या दिवसांत समुद्रकाठच्या रस्त्यावर मोटारी मुंगीच्या पावलांनी सरकत असतात आणि ट्राम आपल्या रुळांवरून त्यांना मागे टाकत जाते. जागा समुद्राच्या बाजूला न घेता गावाच्या बाजूला घ्यावी, म्हणजे मनोरा दिसतो.