पहिली डिस्क आधी ऐका: 'व्हॉइसेस ऑफ द सिव्हिल राइट्स मूव्हमेंट'

अमेरिकेतल्या सिव्हिल राइट्स चळवळीची, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या लढ्याची गाणी ऐकायची म्हटलं की बहुतेक जण जोन बाएझ, बॉब डिलन किंवा माहेलिया जॅक्सन यांच्याकडे वळतात. हे आवाज मोठेच आहेत. पण चर्चमधल्या सभेत, मोर्च्यात आणि कोठडीत माणसं कशी गात होती, हे त्यातून कळत नाही. ते कळतं स्मिथसोनियन फोकवेज या अमेरिकन ध्वनिमुद्रण संस्थेच्या या दोन सीडींच्या संचातून. १९६० ते १९६६ या काळातली ४३ ध्वनिमुद्रणं त्यात आहेत. हा १९९७ मध्ये निघालेला पुनर्मुद्रित संच आजही विकत मिळतो, आणि डिजिटल स्वरूपातही.

संकलन बर्निस जॉन्सन रेगन यांचं, आणि संचाचं निम्मं मोल त्यामुळेच आहे. जॉर्जिया राज्यातल्या ऑल्बनीच्या चळवळीत त्या विद्यार्थिनी म्हणून उतरल्या, १९६२ मध्ये 'फ्रीडम सिंगर्स' या चळवळीतल्या गायकगटाच्या पहिल्या चौघांत होत्या आणि पुढे स्मिथसोनियनमध्ये इतिहासकार झाल्या. त्यामुळे निवड करताना त्यांनी गोड आवाज शोधला नाही, गाणं सभेत काय काम करतं ते पाहिलं. पहिल्या डिस्कवर सभांमधलं सामूहिक गायन आहे, दुसऱ्या डिस्कवर सराव करून गाणारे ठरलेले गायकगट आहेत. ऐकायला सोपी दुसरी, पण पैसे मोजावेत ते पहिलीसाठी.

पहिल्या डिस्कवरची बेटी मे फाइक्स यांची 'धिस लिटल लाइट ऑफ माइन' घ्या. ठिकाण अलाबामातलं सेल्मा, आणि गाणारी मुलगी अजून शाळकरी वयाची. मूळ गाणं चर्चमधलं, मुलांना शिकवलं जाणारं, चार ओळींचं. ती ओळ टाकते आणि सगळं चर्च ती उचलतं, भजनात बुवांची ओळ टाळकऱ्यांनी झेलावी तशी. पुढच्या कडव्यात बदलतो तो फक्त ओळीचा आरंभ, आणि तिथे थेट नाव येतं: जिम क्लार्क, म्हणजे त्याच काउंटीचा (जिल्ह्याचा) शेरीफ, तिथला पोलिसप्रमुख, आंदोलकांवर लाठ्या चालवणारा. बाकीची ओळ सगळ्यांना पाठ असल्यामुळे नाव कानावर पडताच शेकडो गळे ती पूर्ण करतात. ज्या माणसाचं नाव घरात दबक्या आवाजात घ्यायचं, त्याचं नाव सगळ्यांनी मिळून, तालात, मोठ्यानं घेतलं की भीती कुठे जाते, ते इथे प्रत्यक्ष ऐकू येतं.

ही रचना समजली की उरलेला संच उलगडतो. ओळीचा साचा पक्का, त्यात एक जागा मोकळी. ऑल्बनीत मोर्च्याहून परतल्यावर रेगन यांना सभेत गाणं सुरू करायला सांगितलं गेलं. त्यांनी एका जुन्या स्पिरिच्युअलमध्ये (कृष्णवर्णीयांच्या पारंपरिक भक्तिगीतात) 'ट्रबल'च्या जागी 'फ्रीडम' घातलं आणि गाणं चळवळीचं झालं. 'वोक अप धिस मॉर्निंग'मध्ये मन येशूऐवजी स्वातंत्र्यावर जडलं. नवी चाल शिकवायला वेळ लागतो. माहीत असलेल्या चालीत एक शब्द बदलायला क्षणही पुरतो, आणि पोलिस दारात उभे असताना हाच फरक महत्त्वाचा होता.

दुसरी डिस्क ऐकताना उसनवारीची दुसरी तऱ्हा लक्षात येते. तिथे चर्चबरोबर रेडिओही आला. 'गेट युअर राइट्स, जॅक' हे रे चार्ल्स यांच्या गाजलेल्या गाण्यावर बेतलेलं. नॅशव्हिल क्वार्टेटच्या मुलांनीही असंच एक लोकप्रिय गाणं उचलून सेग्रिगेशनवर, म्हणजे वर्णभेदी विभागणीवर फिरवलं. बर्मिंगहॅमचा कार्लटन रीस यांचा गायकवृंद मात्र पूर्ण गॉस्पेल (चर्चमधल्या जोशपूर्ण भक्तिगीतांच्या) अंगाचा, ऑर्गनसकट, आणि तो मोठ्या स्पीकरवरच ऐकावा. 'मॉन्टगोमेरी गॉस्पेल ट्रिओ'कडेही लक्ष द्या. १९५९ मध्ये टेनेसीतल्या हायलँडर फोक स्कूल या कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षण केंद्रावर पोलिसांची धाड पडली, दिवे बंद केले गेले, आणि अंधारात 'वी शॅल ओव्हरकम'ला 'आम्ही घाबरत नाही' हे कडवं जोडलं गेलं. ते जोडणारी चौदा वर्षांची मुलगी याच तिघींतली.

आता दोष. सभांची ध्वनिमुद्रणं जागच्या जागी केलेली आहेत. टाळ्या आणि पायांचे ठोके कधी कधी गाणाऱ्याला झाकून टाकतात, मायक्रोफोनजवळचा एखादा बेसूर गळा शेवटपर्यंत सोबत करतो, आणि एका ट्रॅकवरून दुसऱ्यावर जाताना आवाजाची पातळी बदलते. शब्द कळत नाहीत, म्हणून स्ट्रीमिंगवर नुसतं लावून ठेवलं तर अर्ध्या तासात कंटाळा येईल. सोबतची पुस्तिका फोकवेजच्या संकेतस्थळावर फुकट उतरवून घेता येते. ती समोर ठेवूनच ऐका. सलग ऐकू नका. एका बैठकीत पाच-सहा गाणी, आणि प्रत्येक गाणं दोनदा: एकदा ओळ टाकणाऱ्याकडे कान देऊन, एकदा जमावाकडे.

गिटार-बँजोची लोकगीतं हवी असतील तर इथे निराशा होईल. खाणकामगारांच्या संपातून आलेलं 'विच साइड आर यू ऑन' आहे. १९३१ मध्ये केंटकीत फ्लॉरेन्स रीस यांनी ते लिहिलं. पण कामगार चळवळीचा तो धागा संचात बारीकच आहे. लोकगायक दांपत्य गाय (Guy) आणि कँडी कॅरावान यांनी संकलित केलेली 'सिंग फॉर फ्रीडम' ही फोकवेजचीच १९९० ची सीडी जोडीला घ्यावी.

मोर्च्यात किंवा धरण्यात गाण्यासाठी शिकायचं म्हणून हा संच घेणाऱ्यांनी चाली उतरवून घेण्याच्या फंदात पडू नये. उतरवायची ती पद्धत. ओळ टाकणारा पुढचा शब्द मागची ओळ संपण्याआधीच देतो, त्यामुळे कुणालाही कागद लागत नाही. पट्टी खाली धरा, कारण जोश वाढला की जमाव आपोआप वर सरकतो, आणि वरून सुरू केलेलं गाणं तिसऱ्या कडव्यात पुरुषांच्या गळ्याबाहेर जातं. टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. पहिलीवर पडली की सगळं कवायतीसारखं होतं. हरकती ओळ टाकणाऱ्यापुरत्या ठेवा. लांब मिरवणुकीत गाणं फाटतं, त्याला गाणाऱ्यांचा दोष नसतो: शंभर मीटर अंतर कापायला आवाजाला सुमारे ०.३ सेकंद लागतात, म्हणून पुढचे आणि मागचे कधीच समेवर येत नाहीत. जलद गाणी अशा वेळी टाळावीत, किंवा थोड्या थोड्या अंतरावर वेगळा गायक ठेवून प्रत्येक घोळक्याला आपली लय धरू द्यावी. गिटार चालताना ऐकू जात नाही. ती ठेवायचीच तर बसलेल्या सभेसाठी.

ही गाणी स्वतःच्या व्हिडिओत वापरू पाहणाऱ्यांसाठी एक गोष्ट. 'वी शॅल ओव्हरकम'वरचा प्रकाशकांचा हक्क २०१८ च्या तडजोडीत संपला आणि गाणं सर्वांसाठी खुलं झालं. त्याआधी त्याच्या मानधनाचे पैसे हायलँडरच्या निधीत जात. पण हे गाण्याबद्दल झालं. या संचातल्या ध्वनिमुद्रणांचे हक्क वेगळे आहेत, त्यांची परवानगी फोकवेजकडून घ्यावी लागते. 'वी शॅल ओव्हरकम' स्वतः गायलात तर कुणालाही विचारावं लागत नाही.