गच्चीवरच्या टाकीचे तापमान : वन-वायर की आरएस-४८५?

घरात होम असिस्टंट (घरातली उपकरणे एकत्र चालवणारे सॉफ्टवेअर) चालू आहे आणि तापमानाचे सेन्सर व भिंतीवरची बटणे वायरनेच जोडायची, असे ज्यांनी ठरवले आहे त्यांच्यापुढे बहुधा दोन वाटा असतात : ईएसपी३२ या छोट्या कंट्रोलर बोर्डाला वन-वायर पद्धतीने थेट डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर जोडणे, किंवा आरएस-४८५ या लांब अंतराच्या वायर-जोडणीवर मॉडबस या संदेशपद्धतीने बोलणारी मॉड्यूल बसवणे. मी पहिली वाट दोन वर्षे वापरली आणि मग दुसरीकडे वळलो.

पहिलीचे गुण मी नाकारत नाही. एकाच तारेवर अनेक सेन्सर चालतात आणि ४.७ किलोओहमच्या एका रेझिस्टरपलीकडे फारसे काही लागत नाही. एका खोलीपुरते काम असेल, तर मी आजही तेच सुचवीन.

अडचण आली ती गच्चीवरच्या सोलर हीटरपाशी. वायर सुमारे पंचवीस मीटर होती, आणि दोनच तारा मोकळ्या असल्याने सेन्सरला वीजही डेटाच्या तारेतूनच मिळत होती. मोजणी चालू असताना वीज कमी पडली, की डीएस१८बी२० रीसेट होतो आणि ८५ अंश हाच आकडा देतो. बैठकीच्या खोलीत ८५ दिसले, तर चूक लगेच कळते. सोलरच्या टाकीत मात्र तो आकडा खरा वाटतो, आणि संदेश वाटेत बिघडलेला नसल्याने सीआरसी ही बिघडलेले संदेश पकडणारी तपासणीही त्याला अडवत नाही. जुलैतल्या एका ढगाळ पहाटे स्क्रीनवर ८५ होते, म्हणून बॅकअपचा हीटर सुरूच झाला नाही आणि आईने नळ सोडला तेव्हा पाणी गारठलेले होते. पुढे विजेसाठी वेगळी तिसरी तार ओढल्यावर ८५ गेले. पण पाण्याची मोटर सुरू झाली, की वाचन तुटायचे, आणि त्याच पाइपातून गेलेल्या वायरीवरचे जिन्यातले बटण कोणी हात न लावता दाबले गेल्याची नोंद व्हायची.

आता टाकीवर पीटी१०० हा सेन्सर आहे, शेजारच्या डब्यात तो वाचणारे मॉडबसचे मॉड्यूल आहे आणि खाली पीळ दिलेल्या तारांची जोडी येते, जिच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर आहेत. मॉड्यूलने उत्तर दिले नाही, तर ‘अनुपलब्ध’ असे दिसते, आणि तेवढ्यावरून बॅकअप सुरू करता येतो. रजिस्टरचे (मॉड्यूल आकडे जिथे ठेवते त्या जागांचे) पत्ते शोधण्यात माझी एक संध्याकाळ गेली, शिवाय ‘ए’ आणि ‘बी’ ही टर्मिनलची नावे काही उत्पादक उलटी वापरतात. बटणांच्या बाबतीत मर्यादाही आहे : मास्टर, म्हणजे माहिती मागणारे मुख्य उपकरण, विचारतो तेव्हाच मॉड्यूल सांगते, त्यामुळे बेलसारखे क्षणभर दाबायचे बटण कधी निसटू शकते. जिन्यात मी म्हणून साधा खटक्याचा स्विच बसवला. आपल्या वायरी मोटरच्या वायरीपासून दूर असतील, तर आपला अनुभव कदाचित वेगळा असेल. लांबचे अंतर आणि गच्ची असेल, तर मात्र मी आरएस-४८५ कडेच झुकेन.