ओल्या फरशीसाठी पॅलेट ट्रॉली : गॅल्व्हनाइज्ड की स्टेनलेस?

कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगावात किंवा कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत दही-पनीरचं युनिट टाकणाऱ्याला रंग दिलेली हायड्रॉलिक पॅलेट ट्रॉली (पॅलेटखाली दोन लांब फोर्क सरकवून माल उचलणारी हातगाडी) घेऊ नका म्हणून सांगावं लागत नाही. पहिल्याच पावसाळ्यात रंग फुगतो, पापुद्रे क्रेटवर गळतात, विषय संपतो. अडतं ते पुढे. गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा थर दिलेली, घ्यायची की थेट स्टेनलेस? दोन्ही कोटेशनं शेजारी ठेवली की आकडे बघून हात आपोआप गॅल्व्हनाइज्डकडे जातो. ते चूकच, असं मी म्हणणार नाही. तुमच्या फरशीवर नेमकं काय सांडतं, त्यावर ते ठरतं.

नुसतं पाणी असेल तर जस्ताला तोड नाही. गरम जस्तात बुडवून काढलेल्या सांगाड्यावर ओरखडा पडला तरी शेजारचं जस्त आधी झिजतं आणि उघडं पडलेलं पोलाद वाचवतं. कोल्ड स्टोरेज, बर्फ, भाजीपाला, बाटलीबंद पाणी अशा ठिकाणी गॅल्व्हनाइज्ड ट्रॉली बरीच वर्षं निमूट काम करते. तिथे स्टेनलेसवर पैसे घालवणं म्हणजे हौस.

डेअरीत मात्र फरशीवर नुसतं पाणी कधीच नसतं. रोजच्या धुण्याच्या फोममध्ये कॉस्टिक सोडा, म्हणजे तीव्र अल्कली, असतो आणि दुधाचा खडा (धरून बसलेला कडक थर) काढायला अधूनमधून नायट्रिकसारखं आम्ल लागतं. जस्त आम्लातही विरघळतं आणि तीव्र अल्कलीतही. साधारण ६ ते १२ पीएचच्या मधेच ते सुखी. पनीरचं आंबूस पाणी याच्या खाली जातं, कॉस्टिकचं द्रावण वर जातं. मग फोर्कच्या आतल्या कोपऱ्यांत पांढरी भुकटी धरते. ती जस्ताचीच, बोटाने पुसली की निघते. उत्पादनाच्या हॉलमध्ये अशी भुकटी उडावी, असं कुणालाच वाटत नाही.

स्टेनलेसचं याउलट. ३०४ या नेहमीच्या प्रतीत सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. पृष्ठभागावरचा पातळ थर खरवडला तरी हवा लागली की पुन्हा धरतो. धुण्याच्या ताकदीचं कॉस्टिक किंवा नायट्रिक त्याच्या खिजगणतीत नसतं. त्याचा शत्रू क्लोराइड, ब्लीचमधलं असो की मिठातलं. हायपोक्लोराइट (ब्लीच) मारून न खळबळता तसंच वाळू दिलं, तर सांध्यांत टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडू लागतात. म्हणून इचलकरंजीच्या प्रोसेस हाऊसमध्ये, जिथे रंगाईला मीठ पोत्यांनी लागतं, तिथे २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असलेलं ३१६ बघावं. प्लेटिंगच्या शॉपमध्ये हायड्रोक्लोरिक आम्लाची टाकी असेल तर दोन्ही नावं विसरा. तिथे जस्त विरघळतं आणि स्टेनलेसला भोकं पडतात. एफआरपी किंवा एचडीपीई अशा प्लास्टिकच्या अंगाची साधी ढकलगाडी बरी.

लोहचुंबक लावून स्टेनलेस पारखणारे बरेच भेटतात. चुंबक ३०४ ला फारसा चिकटत नाही हे खरं, पण स्वस्तातल्या २०२ लाही चिकटत नाही. २०२ मध्ये निकेल ४ ते ६ टक्के आणि मँगनीज ७.५ टक्क्यांच्या वर असतं. ३०४ मध्ये मँगनीज २ टक्क्यांच्या वर जात नाही. तेव्हा मिल टेस्ट सर्टिफिकेट (पोलादात काय किती आहे त्याचा कारखान्याचा दाखला) मागा आणि त्यातला मँगनीजचा रकाना आधी वाचा.

इथपर्यंतचा हिशोब दोन्हीकडे झुकू शकतो. माझ्यापुरता काटा फिरला तो पुढच्या रोलरवर.

सांगाडा कसलाही असला तरी ट्रॉली बंद पडते ती फोर्कच्या टोकाच्या रोलरमुळे. तो फरशीला टेकलेला, कायम पाण्यात. बहुतेक ट्रॉलींमध्ये ८० मिमीचा रोलर असतो आणि त्यात ६२०४ नंबरची दोन बेरिंग. ती झेडझेड, म्हणजे पत्र्याच्या झाकणाची असतील तर गरम पाण्याने धुताना बेरिंग तापतं, थंड पाणी पडलं की आतली हवा आकसते आणि बेरिंग बाहेरचं पाणी आत ओढून घेतं. ग्रीस धुपतं, गोळ्या गंजतात, रोलर फिरायचा थांबून घासटू लागतो. एका बाजूने सपाट झालेला रोलर मग दर फेरीला टक-टक वाजतो आणि फरशीवर तांबूस रेघ ओढतो. एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या शेड्यूल ४ मध्ये, म्हणजे स्वच्छतेच्या नियमांत, न गंजणाऱ्या साहित्याचा आग्रह अन्नाला लागणाऱ्या उपकरणांसाठी आहे. ट्रॉली काही अन्नाला लागत नाही. पण ऑडिटरची नजर त्या रेघेवरून चालत चालत ट्रॉलीपर्यंत येतेच.

रोलर बदलणं तसं अर्ध्या तासाचं काम. फोर्क उचलून खाली लाकडी ठोकळा द्यायचा, धुरीच्या (रोलरच्या आसाच्या) दोन्ही टोकांच्या रोल पिना, म्हणजे भोकात दाबून बसवलेल्या पोकळ पिना, पंचने ठोकून काढायच्या, धुरी सरकवायची, नवा रोलर वॉशरसकट बसवायचा. गॅल्व्हनाइज्ड ट्रॉलीत गोची होते ती रोल पिनेवर. सांगाड्याला जस्त असतं, पण रोल पीन साध्या स्प्रिंग स्टीलची असते. ती भोकातच गंजून फुगते. पंच मारला की बाहेर येण्याऐवजी तिचं तोंड पसरतं. शेवटी ग्राइंडर लावून धुरी कापावी लागते. त्या उष्णतेने आसपासचं जस्त जळतं आणि नेमक्या सर्वांत ओल्या जागी पोलाद उघडं पडतं. वरून झिंक स्प्रे मारला तर दिसायला बरं, बुडवलेल्या जस्ताची सर त्याला येत नाही. शिवाय ग्राइंडरच्या ठिणग्या शेजारच्या स्टेनलेस टेबलावर बसल्या की आठवड्याभरात तिथेही गंजाचे ठिपके.

स्टेनलेसच्या ट्रॉलीत धुरी आणि पीनही स्टेनलेस असेल तर पंचच्या दोन-तीन ठोक्यांत काम होतं. ‘असेल तर’ हे महत्त्वाचं. फोर्क चकाचक ३०४ आणि आत साधी बेरिंग, साध्या पिना, असा माल सर्रास मिळतो. ‘फुल्ल एसएस’ म्हणतात तेव्हा पंपाची बॉडी, पिस्टन रॉड, धुऱ्या, पिना, स्प्रिंग आणि बेरिंग यांची नावं पर्चेस ऑर्डरवर वेगवेगळी लिहून घ्या. बेरिंगपुढे एस६२०४-२आरएस असं लिहा, म्हणजे स्टेनलेस आणि दोन्ही बाजूंना रबरी सील. पंपात एच१ प्रतीचं फूड ग्रेड तेल.

स्टेनलेसचीही एक खोड आहे. स्टेनलेसवर स्टेनलेस घासलं की ते एकमेकांना धरतं, म्हणून धुरी बसवताना फूड ग्रेड अँटी-सीझ पेस्टचा हात फिरवावाच लागतो. घासायला लोखंडी तारेचा ब्रश वापरला तर त्याचे कण अडकून गंज दिसतो, आणि दोष बिचाऱ्या ट्रॉलीला लागतो. सुट्या भागांचं म्हणाल तर साधं ६२०४ कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात कुठल्याही बेरिंगवाल्याकडे हातोहात मिळतं, स्टेनलेसचं बहुधा मागवावं लागतं. दोन-दोन रोलरची जोडी असलेल्या ट्रॉलीला पुढची आठ बेरिंग लागतात. एक संच ट्रॉलीबरोबरच घेऊन ठेवा.

चाकांबद्दल थोडंच. नायलॉन हलकं फिरतं, पण गुळगुळीत ओल्या फरशीवर घसरतं आणि नायट्रिकपुढे टिकत नाही. पॉलियुरेथेन फरशी जपतं, आवाज कमी करतं, पण सतत गरम पाण्यात काही प्रती चिकट होऊन फुटतात. पुढे नायलॉन, मागे पॉलियुरेथेन ही जोडी मला तरी बरी वाटते.

पैसे मोजकेच असतील तर एकच स्टेनलेस घ्या आणि ती पॅकिंग हॉलच्या बाहेर काढू नका. लोडिंगच्या धक्क्यावर गॅल्व्हनाइज्ड चालतंय की. दोन्हींच्या हँडलला वेगळ्या रंगाच्या पट्ट्या मारा, नाहीतर रात्रपाळीत अदलाबदल ठरलेली. धुऊन झालं की फोर्क पूर्ण खाली करून ठेवा, पिस्टन रॉड आत जातो आणि पाण्यापासून वाचतो. आणि डिलिव्हरी चलनावर सही करण्याआधी ट्रॉली आडवी करून सप्लायरच्या माणसाला एक रोल पीन तिथल्या तिथे काढून दाखवायला सांगा.