पाळी गेल्यानंतरचा योनीचा कोरडेपणा: जेल, मॉइश्चरायझर आणि क्रीम, तिन्ही वापरल्यावरचं मत

आधी निकाल सांगते मग बाकीचं. इस्ट्रिऑल (इस्ट्रोजन हॉर्मोनचाच एक प्रकार) क्रीमला पाचपैकी पाच, ओलावा धरून ठेवणाऱ्या हायल्युरोनिक ॲसिडवाल्या मॉइश्चरायझरला चार, आणि मेडिकलमध्ये मागितल्यावर पहिलं हातात ठेवतात त्या ग्लिसरीनवाल्या जेलला एक, तो पण कशाला दिला असं वाटतं. आमच्या इंदूरला रामबागेत बायका जमल्या की गुडघे, थायरॉइड, शुगर, सुनेचं बाळंतपण सगळं निघतं पण हा विषय कुणी काढत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितेय, कारण मला पाहिजे होतं तेव्हा मराठीत असं कुणी लिहिलेलं सापडलं नाही.

पहिलं म्हणजे हा त्रास फक्त नवराबायकोच्या संबंधांपुरता नाही हो. चालताना घासल्यासारखं होतं, सलवारची शिवण टोचते, लघवीला जळजळ, सारखं जावंसं वाटतं, आणि वर्षात कितीदा तरी युरिन इन्फेक्शन. पाळी गेली की इस्ट्रोजन कमी होतं, त्याने आतली त्वचा पातळ पडते, तिथले चांगले लॅक्टोबॅसिलस जंतू कमी होतात, ते जंतू असतात म्हणूनच तिथलं पीएच 4.5च्या आत आंबट राहतं, ते गेलं की नको ते जंतू शिरतात. म्हणजे कोरडेपणा आणि इन्फेक्शन एकाच मुळाचे. आणि ज्यांची पाळी चालू आहे त्यांनाही होतं, अंगावर पाजणाऱ्या आईला होतं, सर्दीच्या सेट्रिझिनसारख्या गोळ्यांनी, डिप्रेशनच्या काही औषधांनी पण होतं.

आता जेल. हे जेल म्हणजे ल्युब्रिकंट, ते फक्त संबंधांच्या वेळेपुरतं असतं, घसरण व्हावी म्हणून, त्याने कोरडेपणा बरा होत नाही. मला मिळालेलं (कंपनीचं नाव घेत नाही) गोडसर चिकट होतं, थोड्या वेळात वाळून खरखर, वर आग. नंतर वाचलं की डब्ल्यूएचओने (जागतिक आरोग्य संघटनेने) 2012 मध्ये ल्युब्रिकंटबद्दल सांगून ठेवलंय की ऑस्मोलॅलिटी (म्हणजे त्यात विरघळलेल्या पदार्थांचं प्रमाण) शक्यतो 380च्या आत पाहिजे, फार तर 1200, त्याच्यावर गेलं की ते पेशींमधलंच पाणी ओढून घेतं, आणि ग्लिसरीन जास्त असलं की हा आकडा वर जातो. म्हणजे कोरडं पडलंय म्हणून लावायचं आणि त्याने आणखी कोरडं करायचं! ट्यूबवर हा आकडा छापलेला मला तरी दिसला नाही, त्यामुळे मी मागची घटकांची यादी बघते, पाण्यानंतर लगेच ग्लिसरीन किंवा प्रॉपिलीन ग्लायकॉल असेल तर परत ठेवते. क्लोरहेक्झिडिन असेल तरी परत, ते जंतुनाशक आहे, चांगल्या जंतूंना पण सोडत नाही. सिलिकॉनचं वाळत नाही, ते मला जास्त पटलं. खोबरेल तेल खूप जणी लावतात, पण लेटेक्सचा कंडोम तेलाने फाटतो हे लक्षात असू द्या, कारण पन्नाशीच्या आत असाल तर शेवटच्या पाळीनंतर 2 वर्षं आणि पुढे असाल तर 1 वर्ष दिवस राहण्याची शक्यता धरून चालावं लागतं.

मॉइश्चरायझर वेगळं. ते आठवड्यातून दोन-तीनदा रात्री झोपताना ॲप्लिकेटरने आत सोडायचं, संबंध असो नसो. वास नाही, आग नाही, सकाळी थोडं बाहेर येतं म्हणून पँटीलायनर लावावं. पहिल्या आठवड्यात काहीच फरक नाही, टाकून द्यावंसं वाटलं, मग हळूहळू चालताना घासणं गेलं. महाग आहे म्हणून एक मार्क कापला. पण हॉर्मोनची भीती वाटत असेल त्यांनी इथूनच सुरुवात करावी, 2018 मध्ये अमेरिकेत 302 बायकांवर 12 आठवडे अभ्यास झाला त्यात मॉइश्चरायझर आणि इस्ट्रोजनची आत ठेवायची गोळी, दोन्हींनी आराम साधारण सारखाच पडला होता.

मग मी पाच मार्क क्रीमला का दिले? तर लघवीच्या इन्फेक्शनसाठी. 1993 मध्ये एक अभ्यास छापून आलाय, इस्ट्रिऑल क्रीम लावणाऱ्या बायकांना वर्षाला सरासरी 0.5 वेळा इन्फेक्शन, न लावणाऱ्यांना 5.9 वेळा. माझ्या गायनॅक मॅडमनी आधी तपासलं, मग पहिले दोन आठवडे रोज रात्री आणि नंतर आठवड्यातून दोनदा असं लिहून दिलं. रक्तात फार थोडं जातं, खाण्याच्या गोळ्यांसारखं नाही. सुरुवातीला थोडं चुरचुरतं, घाबरू नका. माझं ते ॲन्टिबायोटिकचं चक्र थांबलंय आणि आता मी बाहेरगावी जाताना पाणी पिते, हे मला केवढं मोठं वाटतं ते ज्यांना त्रास झालाय त्यांनाच कळेल.

क्रीम दवा बाजारातून आणते, एमवाय हॉस्पिटलजवळ. चिठ्ठी दाखवली की काउंटरवरचे भैया काही न विचारता देतात, एकाने तर "आंटीजी, ॲप्लिकेटर कोमट पाण्याने आणि सौम्य साबणाने धुवा" असं स्वतःहून सांगितलं, फार बरं वाटलं. आणि हो, ते सुगंधी इंटिमेट वॉश या कामाचे नाहीत, बाहेर साधं पाणी पुरतं.

या कोरडेपणावर योनीत लेझर करायच्या जाहिराती आता इथेही दिसतात, हजारोंचं पॅकेज, तीन सिटिंग वगैरे. त्याच्यात पैसे घालू नका असं माझं स्पष्ट मत. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-उपकरणांवर नजर ठेवणारी सरकारी संस्था) 2018 मध्येच भाजणं, व्रण, दुखणं याबद्दल इशारा दिला होता आणि 2021च्या एका अभ्यासात खरं लेझर आणि खोटं (नुसतं केल्यासारखं दाखवलेलं) लेझर यांच्यात वर्षभरानंतर फरकच दिसला नाही.

ब्रेस्ट कॅन्सर झालेला असेल, त्याच्या लेट्रोझोल किंवा टॅमॉक्सिफेनसारख्या गोळ्या चालू असतील तर इस्ट्रिऑल स्वतःच्या मनाने अजिबात आणू नका, कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारून, तोवर मॉइश्चरायझर. आणि पाळी जाऊन वर्ष झाल्यावर रक्ताचा एक डाग जरी दिसला तरी कोरडेपणामुळे असेल म्हणून घरी बसू नका, त्याच आठवड्यात दाखवा.