टाटा-मर्सिडीज एल-३१२: जीर्णोद्धारासाठी घ्यावा का?

घ्यावा, पण मूळ इंजिन जागेवर असेल तरच पूर्ण भाव द्यावा. टेल्को (आताची टाटा मोटर्स) आणि डाइम्लर-बेंझ यांच्या १९५४ च्या करारातून जमशेदपूरला बांधला गेलेला हा ट्रक. बॉडी आणि केबिन चांगला पत्रेवाला पुन्हा उभी करतो, इंजिनाचं तसं नाही.

मूळ ओएम ३१२ सहा सिलिंडरचं आहे: बोअर ९० मिमी, स्ट्रोक १२० मिमी, ४५८० सीसी. पुष्कळ गाड्यांत नंतर टाटाचं ६९२ बसवलेलं सापडतं. त्याचा स्ट्रोक तोच, बोअर ९२, त्यामुळे वरवर बघून फसायला होतं. हेडच्या (सिलिंडरांवरच्या झाकणाच्या) बाजूला प्रत्येक सिलिंडरला हीटर प्लग, म्हणजे थंड इंजिन सुरू करताना आत ऊब देणारा प्लग, आहे का ते बघा. ३१२ प्री-चेंबरचं, म्हणजे डिझेल आधी छोट्या कप्प्यात पेटवणारं इंजिन असल्यामुळे त्याला प्लग लागतात. ६९२ ला थेट इंजेक्शन असल्यामुळे ते नसतात.

हे प्लग दोन टोकांचे आणि एकामागे एक सिरीजमध्ये जोडलेले असतात. एक तुटला की सहाही थंड. पट्ट्या सोडून प्रत्येक प्लगची कंटिन्युइटी (आतली तार अखंड आहे का) वेगळी तपासा. एखादा काजळीमुळे हेडला अर्थ झाला, तर पुढच्यांना करंट मिळत नाही आणि मागच्यांवर जास्त व्होल्टेज पडून ते जळतात. नुसते नवे प्लग घालत बसण्याआधी भोकांतली काजळी काढा. हल्लीचा एका टोकाचा पेन्सिल प्लग मध्येच बसवू नका. त्याची बॉडीच अर्थ असते, सर्किट तिथेच संपतं.

खरी परीक्षा मात्र डिझेल पंपाच्या हवेवर चालणाऱ्या गव्हर्नरची, म्हणजे इंजिनाचा वेग आवरणाऱ्या भागाची. डिझेल असूनही याच्या हवेच्या वाटेत बटरफ्लाय (उघडझाप करणारी चकती) आहे. अ‍ॅक्सिलरेटर पंपाला नाही, या बटरफ्लायला जोडलेला. तिथला व्हॅक्यूम बारीक नळीतून पंपामागच्या चामड्याच्या डायफ्रामवर (पडद्यावर) येतो आणि रॅक (डिझेलचं प्रमाण ठरवणारी दांडी) कमी डिझेलकडे ओढतो. स्प्रिंग ती उलट, जास्त डिझेलकडे ढकलते. म्हणजे नळी चिरली किंवा चामडं फाटलं, तर इंजिन बंद पडत नाही, उलट रेस होत सुटतं. आयडलिंगला इंजिन वर-खाली करत असेल, तर पंप कॅलिब्रेशनला पाठवण्याआधी हेच बघा.

तपासणी पाच मिनिटांची. इंजिन बंद ठेवून नळी सोडा. स्टॉप लिव्हर बंदकडे पूर्ण दाबून धरा, नळीच्या तोंडावर बोट घट्ट लावा आणि लिव्हर सोडा. रॅक थोडी सरकून थबकली तर डायफ्राम शाबूत आहे. सरळ मागे आली तर गळती आहे. चामडं फक्त सुकलेलं असेल तर पातळ तेलाचे चार थेंब देऊन ते मऊ होतं. कडक होऊन तडकलेलं असेल तर बदलायलाच हवं. रबराचा कापलेला तुकडा तिथे टिकत नाही.

पंप रूममध्ये (पंप तपासून जुळवणाऱ्या वर्कशॉपमध्ये) डिलिव्हरीचं माप सहाही प्लंजरचं (डिझेल ढकलणाऱ्या दट्ट्यांचं) सारखं येणं पुरेसं नाही. पंपाच्या कॅमवर प्रत्येक डिलिव्हरीत ६० अंशांचं अंतर बरोबर आलं का, तेही लिहून मागा. हे चुकलं की एकच सिलिंडर ठोकत राहतो आणि मिस्त्री उगाच बेअरिंग उघडतो.

डिझेल फवारणारे नोजल काढल्यावर प्री-चेंबरची टोकं टॉर्च लावून बघा. भोकं काजळीने बुजलेली असतील तर साफ होतात. टोक जळून भगदाड पडलं असेल तर चेंबर बदला. छिन्नी लावून काढायला गेलात तर हेडचे आटे जातील, त्यासाठी मापाचा पाना बनवून घ्या.

पहिल्यांदा चालू करताना एअर क्लीनर काढून ठेवा, आणि बटरफ्लायचं तोंड पूर्ण झाकेल अशी जाड फळी घेऊन एक माणूस तिथे उभा करा. इंजिन पळालं तर त्याने तोंड बंद करायचं.